दुर्बिणीची पूजा

माझा नवरा बंदुकीच्या दुर्बिणी बनवतो, हे माझ्या सासूबाईंना कळायला सहा वर्षं लागली. तोवर त्यांच्या लेखी परीक्षित ‘कॅमेऱ्याच्या कंपनीत’ होता. ते धडधडीत खोटं नव्हतं आणि पुरतं खरंही नव्हतं. माझ्या नवऱ्याला अशा मधल्या जागेत फार बरं वाटतं. कुणाचं मन मोडायचं नाही, कुणाला नसते प्रश्न पडू द्यायचे नाहीत, आणि त्यासाठी एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर काय बिघडतं, असा त्याचा स्वभाव. लग्नाच्या पहिल्या वर्षी मला तो गोड वाटला होता.

आम्ही मेडनहेडला राहतो. मी हायस्ट्रीटवरच्या एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, आणि तो रोज स्लाऊला जातो. तिथं कारखान्यांच्या इस्टेटच्या मागच्या अंगाला, टाइल्सचं गोदाम आणि एक केकवाला यांच्या मधोमध त्याची पंधरा माणसांची कंपनी आहे. ते लोक अंधारात पाहायच्या दुर्बिणी करतात. गिऱ्हाइकं म्हणजे शेतकरी, आणि शेतकऱ्यांच्या कोंबड्या-कोकरांवर टपलेले कोल्हे मारणारी माणसं.

अंधारात पाहायचे दोन मार्ग आहेत, एवढं मला लग्नामुळे कळलं. एका जातीची दुर्बीण असेल नसेल तेवढा उजेड गोळा करून वाढवते. तिच्यातून गवत, कुंपण, झाडाचं खोड सगळं दिसतं, पण गवतात दबा धरून बसलेला कोल्हा दिसत नाही. दुसऱ्या जातीची दुर्बीण नुसती ऊब पाहते. तिच्यात कोल्हा दिव्यासारखा पेटलेला दिसतो, पण तो कोल्हाच आहे की शेजाऱ्याचं कुत्रं, हे लांबून कळत नाही. परीक्षितच्या कंपनीनं हे दोन्ही डोळे एकाच डब्यात बसवले आणि एका चित्रावर दुसरं चित्र नेमकं चढवलं. आकार एकीचा, ऊब दुसरीची.

त्यातला परीक्षितचा अभिमान म्हणजे क्लॅम्प, दुर्बीण ज्यानं रायफलीवर पकडून बसते तो जबडा. तो पूर्ण त्याच्या डोक्यातून आलेला. एकदा नेम बसवला की दुर्बीण कितीही वेळा काढा आणि परत लावा, नेम केसभर हलणार नाही, असं तो जेवताना, झोपताना, कोथिंबीर निवडताना सांगायचा. मी म्हणायचे, एवढं लक्ष माझ्याकडे दिलं असतंस तर आपला संसार जगात नमुना म्हणून दाखवला असता.

सासूबाई, म्हणजे यमुनाबाई, त्या सप्टेंबरात चिंचवडहून सहा महिन्यांसाठी आल्या. त्या आल्या की आमच्या घरातली अंडी गॅरेजमधल्या फ्रीजमध्ये जातात. नवरात्रात त्यांनी घट बसवले, आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी विचारलं, “काय रे, तुझं कामाचं हत्यार कुठलं? उद्या पूजेला काय मांडू?”

लॅपटॉप मांड, असं तो म्हणू शकला असता. दरवर्षी तेच म्हणायचा. पण त्या वर्षी ती दुर्बीण पहिल्यांदा पूर्ण तयार झाली होती, आणि आईनं आपलं खरं काम बघावं असं त्याला वाटलं. त्यानं आईला बसवून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “कोंबड्या राखायच्या म्हणजे कुणीतरी हे करणारच. घेऊन ये.” मला वाटलं होतं त्या दोन दिवस जेवणार नाहीत. माणसं आपण समजतो तितकी कच्ची नसतात, पण हे आम्हाला कुणाच्या बाबतीत वेळेवर सुचलं नाही.

बाजारात न आलेली वस्तू चाचणीखेरीज कंपनीबाहेर न्यायची नाही, असा तिथला नियम. परीक्षितनं ती बॅगेत घालून आणली. रायफल अर्थातच आमच्या घरात नव्हती, ती कंपनीसाठी चाचणी करणाऱ्या डेरेकच्या कुलूपबंद कपाटात होती. सकाळी पाटावर लाल कापड घालून आईंनी माझा डोळे तपासायचा टॉर्च, त्यांची शिवणाची कात्री, घरातलं ड्रिल, गाडीची किल्ली आणि मधोमध ती दुर्बीण मांडली. स्लाऊच्या दुकानातून झेंडूची फुलं आणली होती. आईंनी गंध लावलं, ओलं कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, आणि हात जोडून बराच वेळ पुटपुटत राहिल्या. परीक्षितच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला तेव्हा तो फार आवडला, हेही सांगून टाकते.

“आज ही वापरायची नाही हं,” आई म्हणाल्या. “खंडेनवमीला हत्याराला विश्रांती असते.”

“आई, इथं कंपनीला कुठली खंडेनवमी,” तो हसत म्हणाला. त्यानं दुर्बिणीवरची फुलं काढली, टिश्यूनं वरवर पुसली, बॅगेत घातली आणि पळाला. त्याच संध्याकाळी चाचणी होती.

चाचणी करणारा माणूस डेरेक. सत्तरीला टेकलेला, लांब हाताचा, कमी बोलणारा. हेन्लीच्या बाजूला दहाबारा शेतांवर कोल्हे आवरायचं काम तो चाळीस वर्षं करत होता, आणि कंपनीची प्रत्येक नवी दुर्बीण आधी त्याच्या रायफलीवर चढायची. त्याचा एकच हट्ट असे. जनावर पडलं तर एका गोळीत पडायला हवं, त्याला कळायच्या आत. ते जमणार नसेल तर तो गोळीच झाडत नसे. परीक्षित त्याच्याबद्दल जसं आदरानं बोलायचा, तसं तो आपल्या सख्ख्या काकांबद्दलही बोलत नाही.

मंगळवारी डेरेकनं दुर्बीण लावून नेम बसवून ठेवला होता. मग ती सॉफ्टवेअरसाठी कंपनीत आली आणि तिथून आमच्या पाटावर. त्या संध्याकाळी कोंबड्यांच्या शेडमागे, उजेड जात असताना, डेरेकनं ती परत रायफलीवर चढवली. चढवताना त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, “ऑफिसातच होती ना? मधे कुणी क्लॅम्पला हात लावला?”

“नाही,” परीक्षित म्हणाला. “नुसतं अपडेट केलं.”

मी त्याला नंतर शंभरदा विचारलं, का म्हणालास. तो म्हणतो, नियम मोडून घरी नेली हे सांगायचं तर का नेली हेही सांगावं लागलं असतं. मग हळदकुंकू, मग खंडेनवमी, मग पाट. चाळीस वर्षं बंदूक वापरणाऱ्या गोऱ्या माणसापुढे, शेताच्या चिखलात उभं राहून, माझ्या आईनं तुमच्या दुर्बिणीला कुंकू लावलं हे इंग्रजीत कसं सांगायचं. त्याला लाज वाटली, एवढंच. फार मोठं काही नव्हतं.

कुणी हात लावला असता तर डेरेक आधी कागदावर एक गोळी मारून नेम बघणार होता. कुणी लावला नव्हता, म्हणून त्यानं ती गोळी वाचवली. आवाजानं कोल्हा पळाला असता.

पुढचं परीक्षितनं टॅब्लेटवर पाहिलं. दुर्बिणीत जे दिसतं तेच त्याच्या हातातल्या पडद्यावर दिसत होतं. कुंपणाच्या तारा स्पष्ट, गवताची पाती स्पष्ट, आणि त्यात ऊब घेऊन चालणारी एक कोल्हीण. तिच्या नाकापुढे श्वासाचा पुंजका उमटून विरत होता. ती थांबली. नेमाच्या फुलीची खूण बरोबर तिच्या छातीवर आली आणि डेरेकनं गोळी झाडली.

गोळी छातीत लागली नाही. मागं, पोटाच्या खाली लागली. कोल्हीण जागच्या जागी गिरकी घेऊन पळाली, मागचे पाय ओढत. आणि तिच्यामागे गवतावर पांढरे ठिपके पडत गेले. ती दुर्बीण ऊब पाहते ना, त्यामुळे प्रत्येक थेंब पडताना लख्ख दिसला आणि मग निवत निवत गवताच्या रंगाचा झाला. परीक्षित म्हणाला, “उल्का, चित्र इतकं स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ चित्र आजवर आलं नव्हतं.” हे सांगताना तो सिंकपाशी उभा होता आणि नळ नुसताच वाहत होता.

ती काटेरी झुडपांत शिरली. डेरेक बॅटरी घेऊन तिला शोधत राहिला, परीक्षितला मात्र त्यानं घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी कुत्रा घेऊन तो परत गेला आणि त्याला ती सापडली. ती अजून जिवंत होती.

दुसरा दिवस दसऱ्याचा. आईंनी श्रीखंड-पुरी केली होती, बागेतल्या कुंपणाची पानं सोनं म्हणून वाटली होती. रात्री परीक्षितनं दोनच घास खाल्ले. “पोट बिघडलंय,” म्हणाला. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली, कारण याचं पोट कधी बिघडत नाही. आई फोनवर मालिका बघायला बसल्या तसं मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं आणि दार लोटलं.

त्यानं सांगितलं, की दुपारी ऑफिसात दुर्बीण परत आली. बाकीचे लोक पडद्यावरचं रेकॉर्डिंग बघत होते आणि चित्राचं कौतुक करत होते. त्यानं एकट्यानं क्लॅम्प उघडला. जबड्याच्या आत, खाचेत, कुंकवाचा वाळलेला खडा होता आणि त्यात चिरडलेला अर्धा तांदूळ. वरून पुसली होती, आत कुणी बघितलंच नव्हतं. तेवढ्यानं दुर्बीण एका अंगाला तिरकी बसली. त्याचा क्लॅम्प खोटं बोलत नव्हता, तो मधल्या खड्यावर नेमका बसला होता.

“मग काय केलंस?” मी विचारलं.

“टूथपिकनं काढलं. पुसून टाकलं.”

“पुसून टाकलंस?”

“हळू बोल ना. आई आहे बाहेर.”

मी हळू बोलले, पण बोलले. म्हटलं, आत्ताच्या आत्ता डेरेकला फोन कर. तो म्हणाला, करतो. मग म्हणाला, मार्चमध्ये इथं कायम राहायचा, सेटलमेंटचा अर्ज आहे, नोकरी गेली तर सगळंच गेलं. मग म्हणाला, आईला कळलं की तिच्या अक्षतेमुळे एक जीव तसा तडफडला, तर ती परत देवापुढे बसू शकेल का. मी म्हटलं, आईला मध्ये घेऊ नकोस. अक्षता तिनं वाहिली, ‘नाही’ तू म्हणालास. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण याच्या घशाला नुसतंच खवखवत राहिलं, बाहेर काही पडलं नाही.

मग दिवस गेले. रोज सकाळी मी विचारायचे, सांगितलंस का, आणि तो बुटांची नाडी बांधत बसायचा. मी त्याला घालूनपाडून बोलले. भित्रा म्हणाले, एकदा त्याहून वाईट म्हणाले. ज्याचं त्यानं निस्तरावं, आपण कान पकडून न्यायला तो काही शाळेतला मुलगा नाही, असं मी स्वतःला समजावत होते. मार्चचा अर्ज माझ्याही नावाचा होता, हे मी स्वतःशीही मोठ्यानं बोलले नाही. डेरेकचा नंबर आमच्या फ्रीजवर चिकटवलेला होता.

ऑक्टोबर संपता संपता, एका दुपारी, माझ्या यादीतला जेवणाआधीचा शेवटचा पेशंट आत आला आणि तो डेरेक होता.

मी त्याला फक्त एकदा, कंपनीच्या ख्रिसमसच्या जेवणात भेटले होते. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, हातात टोपी. “तुझा नवरा म्हणतो तू चांगली आहेस,” तो म्हणाला. “म्हणून मुलीला सांगितलं, तिथंच नाव लाव.” मुलगीच गाडीनं सोडून गेली होती. समोरच्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये ती तासाभरानं येणार होती.

“तुम्ही गाडी चालवत नाही?” मी विचारलं. मला माहीत होतं तो चालवतो.

“सध्या नाही,” तो म्हणाला आणि खुर्चीत बसला.

आमच्या कामात दिवे मालवावे लागतात. अंधारात पेशंटचं तोंड तुमच्यापासून वीतभर अंतरावर असतं, त्याचा श्वास तुमच्या गालाला लागतो. मी त्याला अक्षरं वाचायला लावली. शेवटच्या ओळीपर्यंत त्यानं न अडखळता वाचली. डोळ्यांचा दाब बघितला, बाजूचं किती दिसतं ते बघितलं. मोतीबिंदूची उगाच नावापुरती सुरुवात होती, या वयात कुणालाही असते तेवढी. मी दिवा लावला आणि सांगितलं, “तुमचे डोळे उत्तम आहेत.”

चांगली बातमी ऐकून तोंड उतरलेला माणूस मी त्या खुर्चीत पहिल्यांदाच पाहिला.

“नक्की?” तो म्हणाला. “परत एकदा बघतेस का? उजवा?”

मी परत बघितला. उजवा डोळा माझ्यापेक्षा बरा होता.

“मला वाटलं होतं, डोळाच असेल,” तो म्हणाला. “देवाजवळ तेच मागत होतो म्हण ना. डोळा असला तर ऑपरेशन करता येतं.” टोपी गुडघ्यावर ठेवून तो तिची कड बोटानं फिरवत राहिला. मग त्यानं मला कोल्हिणीची गोष्ट सांगितली. मला ती पाठ होती. मी पहिल्यांदा ऐकल्यासारखी मान हलवत बसले.

“खूण छातीवर होती,” तो म्हणाला. “मला आठवतं तशी. आता आठवतं ते खरं की खोटं, कोण जाणे. दुर्बिणीला कुणी हात लावलेला नव्हता, ते मी विचारलं होतं. डोळे ठीक आहेत, तूच म्हणतेस. मग उरलं काय?” त्यानं कपाळाला बोट लावलं. “माझा थोरला भाऊ ॲलन, शाळेत हेडमास्तर होता. त्याचं असंच सुरू झालं. मी केलं, मी केलं म्हणायचा आणि केलेलं नसायचं. चार वर्षांत मला ओळखेनासा झाला.”

मी त्याच्या कागदावर तारीख घातली.

“रायफल विकायला दिली,” तो म्हणाला. “शनिवारी दुकानदार घेऊन गेला. लायसन्सही परत करतोय. मुलीला सांगितलं, नातींना शाळेतून आणायचं काम आता माझ्याकडे नको. गाडीत पोरी असतात.” तो एकदम थांबला आणि म्हणाला, “तू डॉक्टरसारखीच आहेस ना, म्हणून बोललो. बाहेर बोलू नकोस.”

तेव्हा मला जे झालं त्याला मराठीत चांगला शब्द आहे, मेल्याहून मेल्यासारखं. मी त्याच्या समोर पांढऱ्या कोटात बसले होते आणि त्याच्या आजाराचं कारण रोज सकाळी माझ्या घरात बुटांची नाडी बांधत होतं.

“डेरेक,” मी म्हणाले, “या वयात डोळ्याचा पडदाही बघायला हवा. थेंब घालते. बाहुल्या मोठ्या व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. बसाल ना?” हे खोटं नव्हतं, तो तपास खरंच करायचा असतो. मीही मधल्या जागेत उभी राहायला शिकले होते. मी थेंब घातले, त्याला डोळे मिटून बसायला सांगितलं, आणि मागच्या स्टोअररूममध्ये जाऊन परीक्षितला फोन लावला.

“मीटिंगमध्ये आहे,” तो कुजबुजला.

“डेरेक माझ्या खुर्चीत बसलाय. त्याला वाटतंय त्याचं डोकं कामातून जायला लागलंय. रायफल विकायला दिली त्यानं. तू ये, नाहीतर मी सांगते.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “निघतो.”

तो आला तेव्हा त्याच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच लोंबत होतं. मी दार लावलं. डेरेकच्या बाहुल्या आता मोठ्या झाल्या होत्या. अशा वेळी जवळचं काही धड दिसत नाही, चेहरा म्हणजे नुसता धूसर गोळा. “कोण, परी?” त्यानं आवाजावरून ओळखलं. कंपनीत त्याला परी म्हणतात.

परीक्षित माझ्या फिरत्या स्टुलावर बसला. मला वाटलं होतं तो आडवळणानं बोलेल. तो सरळ बोलला. दुर्बीण घरी नेली होती. वर्षातून एक दिवस आम्ही आपल्या कामाच्या हत्यारांची पूजा करतो, माझ्या आईनं केली. क्लॅम्पमध्ये कुंकू आणि तांदूळ अडकला होता. तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी मला तो सापडला आणि मी पुसून टाकला. तुमचा नेम बरोबर होता.

डेरेक म्हणाला, “परत सांग.”

परीक्षितनं परत सांगितलं, पहिल्यापासून.

“खूण छातीवर होती?”

“छातीवर होती. मी टॅब्लेटवर पाहिली. रेकॉर्डिंग आहे.”

डेरेकनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो खुर्चीत मागं टेकला. मी टिश्यूचा डबा पुढे केला, त्याला तो दिसला नाही, मग मी त्याच्या हातात दिला. परीक्षित रडत होता, पण त्याच्याकडे बघायची मला इच्छा नव्हती.

“पूजेचं मला काही नाही,” डेरेक डोळे पुसत म्हणाला. “आमच्या गावच्या चर्चमध्ये जानेवारीत नांगर आणून ठेवतात आणि पाद्री त्याला आशीर्वाद देतो. माझा बाप आमचा नांगर न्यायचा, घासूनपुसून. तू सांगितलं असतंस तर मी तुझ्या आईला बरं वाटावं म्हणून तिचे आभार मानले असते. आणि कागदावर एक गोळी मारून नेम बघितला असता.” त्यानं एक बोट वर केलं. “एक गोळी, परी.”

“मी ऑफिसात सगळं सांगतो,” परीक्षित म्हणाला. “आजच. तुमच्यावर काही येणार नाही.”

“सांग,” डेरेक म्हणाला. मग त्याच शांत आवाजात म्हणाला, “सकाळी ती सापडली ना, तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. रात्रभर तशी पडलेली. मी तिच्याजवळ गुडघ्यावर बसलो आणि तिची माफी मागितली. आयुष्यात कुठल्या जनावराची मागायची वेळ आणली नव्हती. मी म्हटलं, म्हाताऱ्याची चूक झाली. आणि ती चूक माझी नव्हतीच.”

मी त्याचा पडदा तपासला. तो ठणठणीत होता. मी तसं लिहिलं आणि तसं सांगितलं. त्यानं मान हलवली आणि या वेळी ते त्याला पटलं.

थेंब घातल्यावर तीन-चार तास डोळ्यांना उजेड सोसत नाही. बाहेर ऑक्टोबरातलं तिरपं ऊन पडलं होतं, ओल्या रस्त्यावरून ते सरळ तोंडावर येत होतं. आम्ही पेशंटना देतो तो काळा प्लास्टिकचा गॉगल मी त्याला लावला, तरी दुकानाच्या पायरीवर त्यानं डोळे किलकिले केले. रस्ता ओलांडून पलीकडे मुलीच्या गाडीपर्यंत जायचं होतं. गाड्या सारख्या येत-जात होत्या आणि त्याला कडेचा दगडसुद्धा नीट दिसत नव्हता.

परीक्षितनं पुढे होऊन आपला हात धरायला दिला. “मी नेतो तुम्हाला,” तो म्हणाला.

डेरेकला तो हात दिसला असावा. त्यानं तो धरला नाही. तो तिथंच उभा राहिला आणि माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवून म्हणाला, “तुला माहीत होतं?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. कुणाच्या आधारानं रस्ता ओलांडायचा, एवढंच तो विचारत होता. परीक्षितनं माझ्याकडे पाहिलं. आमच्या स्वयंपाकघरात त्याला मी जे जे बोलले होते, ते सगळं त्याच्या त्या नजरेत होतं.

“नाही,” मी म्हणाले. “मला आजच कळलं.”

“बरं,” डेरेक म्हणाला. त्यानं चाचपडत माझं कोपर शोधलं आणि घट्ट धरलं, आणि मी सांगितलं तिथं पाऊल टाकत तो माझ्याबरोबर रस्त्यात उतरला.